प्लेटा किती बसवायच्या?

फोन उचलला की पहिला प्रश्न ठरलेला. "किलोवॅटला कितीला पडतंय?" मी भाव सांगत नाही. "वर्षाची लाइटबिलं काढून ठेवा, येतो," एवढंच म्हणतो. समोरचा माणूस यावर जरा नाराज होतो. काहींना वाटतं, ह्याला भाव माहीत नसावा. काहींना वाटतं, बिल बघून हा खिसा जोखणार. दोन्ही गैरसमज मी तसेच राहू देतो. कारण फोनवर सांगितलेला भाव घेऊन माणूस आणखी चौघांना विचारतो आणि सगळ्यांत कमी सांगेल त्याला काम देतो. मुळात किती किलोवॅट हवेत, हा विषय त्या पाच फोनांत एकदाही निघत नाही.

कराडात आणि आसपासच्या गावांत मी इलेक्ट्रिकची कामं घेतो. वायरिंग, मोटारींचे स्टार्टर, बंगल्यांची फिटिंग यात अर्धं आयुष्य गेलं. सोलरकडे वळलो तो आधी पाणी तापवायच्या सोलरमुळे, मग विजेच्या पॅनेलकडे, ज्याला आमच्याकडे सगळे प्लेटा म्हणतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली आणि धंद्याचं रूप पालटलं. अनुदान असं आहे : पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, आणि त्यापुढे कितीही बसवा, एकूण रक्कम ७८,००० वर थांबते. हा ७८ हजारांचा आकडा गावोगावी पोचला. तेव्हापासून जो तो तीन किलोवॅट मागतो. "सरकार अठ्ठ्याहत्तर देतंय, मग कमी का घ्यायचं?" घरात दोन माणसं, बिल नव्वद युनिटचं, तरी तीनच. सरकारचं अनुदान ज्या आकड्यावर थांबतं, नेमकी त्याच आकड्यावर प्रत्येक घराची गरज कशी येऊन थांबते, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

माझं मत धंद्याच्या दृष्टीनं तोट्याचं आहे, पण सांगतो. प्लेटांची संख्या महावितरणच्या बिलातल्या टप्प्यांवरून ठरवावी. गच्ची आणि अनुदान मागाहून बघावं.

घरगुती बिलाचे टप्पे चार : शंभरपर्यंत, शंभर ते तीनशे, तीनशे ते पाचशे आणि पाचशेच्या पुढे. वीज आकार, वहन आकार आणि त्यावरचं १६ टक्के वीज शुल्क असं सगळं धरलं तर पहिल्या शंभरातलं युनिट साधारण सात रुपयांना पडतं. शंभर ओलांडले की तेच युनिट बारा-तेराला जातं. तीनशेच्या पुढे सोळाच्या वर. वीज नियामक आयोगाचा नवा आदेश आला की थोडे पैसे इकडचे तिकडे होतात, इंधन समायोजन आकार मध्येच चढतो-उतरतो, पण ही चढण काही मोडत नाही. लोक मात्र बिलाच्या रकमेला युनिटनं भागतात आणि 'आम्हाला दहा रुपयांनी पडते' असं म्हणून पुढचा सगळा हिशेब दहानं करतात. तो तिथेच फसतो. सोलरमुळे कमी होणारी युनिटं वरच्या टोकाकडून कमी होतात. आधी सगळ्यांत महाग टप्पा रिकामा होतो, मग मधला, शेवटी स्वस्त. त्यामुळे छपरावरची पहिली प्लेट भरपूर कमावते आणि शेवटची जेमतेम.

मलकापूरच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरचा हिशेब इथे मांडतो. आमच्याकडच्या मध्यमवर्गीय बंगल्याचा तो नमुना म्हणता येईल. खाली नवरा-बायको दोघंच, वरचा मजला मुलगा-सून सुट्टीला येतात तेवढ्यापुरता. बाईंनी बिलं महिन्यावारी फायलीत लावली होती. "तुम्ही आकडे वाचा, बेरीज मी करते," म्हणाल्या आणि खरोखरच तोंडी करत गेल्या. एप्रिल ४१०, मे ४३०, जून ३४०. जुलै ते सप्टेंबर अडीचशे-दोनशे साठच्या आसपास. ऑक्टोबर ३१०, थंडीत दोनशे तीस-चाळीसपर्यंत उतरलेले, मार्चला पुन्हा ३४०. वर्षाची बेरीज ३,६२०. म्हणजे महिन्याला सरासरी तीनशे, आणि वर्षाचं बिल चाळीस हजारांच्या घरात.

मुलगा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होता. त्याचं ठरलेलं होतं : पाच किलोवॅट. "काका, गच्ची एवढी मोठी आहे, एकदाच काय तो खर्च होऊन जाऊ दे." सर, म्हणजे बाईंचे यजमान, तीनवर अडून होते, कारण अर्थातच ७८ हजार. मी बिलाच्याच पाठीवर लिहायला घेतलं.

आमच्या भागात एक किलोवॅटच्या प्लेटा दिवसाला सरासरी चार युनिट देतात. वर्षाचे चौदाशे धरायचे. विकणारे सोळाशे सांगतात ते सोडून द्यायचे. हल्ली एक प्लेट ५४० वॅटच्या आसपासची येते. चार प्लेटा म्हणजे २.१६ किलोवॅट, वर्षाला साधारण तीन हजार युनिट. सहा प्लेटा म्हणजे ३.२४ किलोवॅट, साडेचार हजार युनिट. आता ३,६२० मधून तीन हजार गेले की उरले सहाशे. महिन्याला पन्नास. तेही पहिल्या टप्प्यातले, सात रुपयांचे; म्हणजे महिन्याला साडेतीनशे रुपये. थोडक्यात, चाळीस हजारांतले छत्तीस हजार चार प्लेटांनीच वाचवले. पुढच्या दोन प्लेटांना वाचवायला राहिले वर्षाला चार हजार, शिवाय जादा झालेले नऊशे युनिट विकून अडीच-पावणेतीन हजार.

त्या वेळच्या माझ्या दरानं चार प्लेटांचं काम एक लाख चाळीस हजारांचं होतं, सहाचं एक लाख नव्वदचं. अनुदान वजा करता पहिलं सत्त्याहत्तर हजारांना पडत होतं, दुसरं एक लाख बाराला. चार प्लेटांचे पैसे सव्वादोन वर्षांत फिटतात. वरच्या दोन प्लेटांचे पस्तीस हजार फिटायला पाच वर्षं लागतात, आणि तीही सगळं सुरळीत चाललं तर. पाच वर्षं वाईट नाहीत, हे मी सरांना कबूल केलं. प्लेटेच्या उत्पादनाची हमी पंचवीस वर्षांची असते, ठेवीवर एवढं व्याज कोण देतं? पण बाईंनी पुढचा प्रश्न विचारला. "आणि पाच किलोवॅटमधले शेवटचे दोन?" त्यांना अनुदान शून्य. त्यांचं एकूण एक युनिट विकायचं, तेही तीन रुपयांच्या आतबाहेर. लाखभर रुपये असे फेडायला बारा-चौदा वर्षं जातात. यावर मुलाचा आवाज बंद झाला. त्यानं बंद केला की नेटवर्क गेलं, ते कळलं नाही.

हे विकायचं प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे. नेट मीटर दोन्हीकडून मोजतो. दिवसा घरात न खपलेली वीज लाइनवर जाते, ती जमा. रात्री आपण घेतो ती वजा. महिन्याअखेर काही शिल्लक राहिली तर ती पुढच्या महिन्यात ओढली जाते. हे खातं ३१ मार्चला बंद होतं. उरलेली युनिटं ठरलेल्या कमी दरानं घेतली जातात आणि एप्रिलपासून पाटी कोरी. आता आपल्याकडचं ऋतुमान बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश स्वच्छ, पंखे बंद, वापर कमी, म्हणून शिल्लक साचते ती याच काळात. आणि एप्रिल-मेमध्ये, कूलर आणि एसी चोवीस तास घरघरत असताना, ती कामाला यायची तर आदल्याच आठवड्यात मातीमोल भावानं गेलेली असते. ज्यानं हे आर्थिक वर्ष विजेला लावलं त्याच्या घरी उन्हाळा नसावा. बाईंच्या घरी सहा प्लेटा लावल्या असत्या तर मार्चअखेर नऊशेच्या वर युनिटं अशी गेली असती. चार प्लेटांत पन्नास-साठ जातात, त्याचं कुणाला दुःख नाही.

शेवटी त्यांनी चार प्लेटा घेतल्या आणि इन्व्हर्टर तीन किलोवॅटचा. वर एसी बसला तर दोन प्लेटांची जागा शिल्लक आहे. इन्व्हर्टरमधला फरक काही हजारांचा असतो, नंतर अख्खा बदलण्यापेक्षा तो आधीच सोसावा. मात्र नंतरच्या प्लेटांना अनुदान मिळेल असं धरून चालू नये, हेही सांगून ठेवलं.

चार युनिट ही सरासरी आहे, रोजचा रतीब नाही. मार्चमध्ये एक किलोवॅट पाचपर्यंत देतो, जुलैत कधी तीन, कधी दोनावर येतो. कराडात पाऊस बेताचा. पण पाटणच्या वर, कोयनानगरच्या अंगाला जा, आषाढ-श्रावणात सूर्य दिसला तर लोक बाहेर येऊन बघतात. तिथल्या घराला चौदाशेचा आकडा लावला तर तो तोंडघशी पाडतो. १,९६० मेगावॅटचा कोयना प्रकल्प ज्या पावसावर चालतो, तोच पाऊस छपरावरच्या दोन किलोवॅटच्या मुळावर येतो. तिथल्या लोकांना मी वर्षाला हजार-अकराशे धरायला सांगतो.

उन्हाचाही असाच घोळ. "एवढं रखरखीत ऊन पडलंय आणि मोबाइलवर तीनच्या जागी अडीच दाखवतंय, प्लेटा डुप्लिकेट दिल्या काय?" असा फोन दर एप्रिलला येतो. प्लेटेवर छापलेले ५४० वॅट कंपनीनं २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. आमच्या स्लॅबवर एप्रिलच्या दुपारी प्लेट साठ अंशांना तापते, आणि प्रत्येक वाढत्या अंशाला साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटतं. पस्तीस अंश वाढले म्हणजे बारा टक्के इथेच गेले. बाकी थोडं धुळीत, थोडं वायरीत. प्लेटेला प्रकाश हवा, उष्णता नको. जानेवारीतल्या थंड, स्वच्छ दुपारी तीच प्लेट मेमधल्यापेक्षा जास्त जोरानं चालताना मी पाहिली आहे. फक्त तेव्हा दिवस लहान असतो.

आता गच्ची. एका प्लेटेची लांबी साडेसात फुटांच्या आसपास, रुंदी पावणेचार फूट, वजन सत्तावीस-अठ्ठावीस किलो. मधून फिरायची, धुवायची जागा धरून किलोवॅटला शंभर चौरस फूट म्हणतात. एवढी जागा बंगल्याच्या गच्चीवर सहज निघते, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण मोकळी जागा आणि बिनसावलीची जागा यात फार अंतर असतं. आणि सावली बघायची ती डिसेंबरची. मेमध्ये पाहणी केली तर सूर्य डोक्यावर असतो आणि कशाचीच सावली पडत नाही. आमच्याकडे तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात एक दिवस अगदी शून्य सावलीचा येतो, पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला एक. मधल्या काळात सूर्य दुपारी चक्क थोडा उत्तरेला असतो. डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलतो. दुपारी बारा-साडेबाराला वस्तूच्या उंचीपेक्षा थोडीच कमी सावली उत्तरेला पडते, आणि सकाळी नऊला उंचीच्या दुपटीहून जास्त. जिन्याची खोली आठ फूट, तिच्यावर टाकी सहा फूट, म्हणजे चौदा फूट. तिच्या उत्तरेला बारा फूट जागा भर दुपारीही निरुपयोगी. हे मी टेपनं मोजून खडूनं गच्चीवर आखून दाखवतो. मालकाला 'एवढी मोठी' गच्ची खडूच्या रेघेपलीकडे केवढी उरते ते दिसलं की पाच किलोवॅटचा आग्रह आपोआप खाली येतो.

सावली थोडी पडली तर थोडंच नुकसान होईल, असं वाटतं. तसं होत नाही. प्लेटा एकीला एक जोडून माळ केलेली असते, त्यामुळे एका प्लेटेवरची सावली म्हणजे पाण्याच्या पाइपवर पाय दिल्यासारखं होतं. प्लेटेच्या आत तीन बायपास डायोड असतात, ते सावलीतला भाग वगळून करंटला वाट करून देतात. पण वगळला म्हणजे त्या भागाची वीज गेलीच. नारळाची एक झावळी पुरते. शेजारच्या नारळावरून झालेली भांडणं मी पुष्कळ पाहिली. शेजाऱ्यानं अजून न बांधलेला मजला हा त्याहून मोठा प्रश्न. दक्षिणेच्या प्लॉटवर कॉलमच्या सळ्या वर काढून ठेवलेल्या दिसल्या की मी मालकाला आधी शेजाऱ्याकडे चहाला जायला सांगतो.

स्ट्रक्चर उंच हवं की बुटकं, हा वाद घरातल्या बायका आणि पुरुष यांच्यात होतो आणि त्यात मी सहसा बायकांच्या बाजूनं असतो. गच्ची वाळवणासाठी लागते. पापड, कुरडया, सांडगे, गव्हाचा चीक यांचा महिना आणि सोलरचा जोराचा महिना एकच. उंच स्ट्रक्चरला जादा लोखंड लागतं, आठ-दहा हजार वाढतात, पण खाली माणूस ताठ चालतो आणि सावलीही मिळते. फक्त उंच स्ट्रक्चर वळवाच्या वाऱ्याला तोंड देणारं असावं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तो पत्रे उडवत येतो. पाय नुसते स्लॅबवर ठेवून विटा रचलेलं काम मी पाहिलं आहे. केमिकल अँकर किंवा सिमेंटचे ठोकळे, आणि लोखंड हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, यात तडजोड करू नये. रंग मारलेलं लोखंड चौथ्या पावसाळ्याला गंजून स्लॅबवर तांबडे ओघळ सोडतं.

भावातला फरक बहुतेक वेळा अशाच न दिसणाऱ्या जागी असतो. दोन कोटेशनांत वीस हजारांचा फरक दिसला की प्लेटेचा ब्रँड बघत बसू नका, अर्थिंग बघा. तीन अर्थिंग लागतात : प्लेटांची, इन्व्हर्टरची आणि वीज अटकाव करणाऱ्या अरेस्टरची स्वतंत्र. तीन खड्डे अंगणात घेताना कुरकुर होते, त्यातून एक तुळशीजवळ आला तर विचारूच नका. मग कंत्राटदार दोनावर भागवतो आणि मालकाला खूष करतो. मला हा प्रकार मुळीच मान्य नाही. डीसी वायरीची जाडी आणि दोन्ही बाजूंचे डिस्ट्रिब्युशन बॉक्स याही अशाच जागा. आणि प्लेटा डीसीआर आहेत का, म्हणजे आतले सेलसुद्धा भारतात बनलेले आहेत का. त्याशिवाय अनुदान मिळत नाही, आणि या प्लेटा दुसऱ्यांपेक्षा महाग असतात. स्वस्त कोटेशनमध्ये हा शब्द नसेल तर 'अनुदानासह' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असूनही उपयोग नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर साहित्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आहे. कामाच्या किमतीचा ७० टक्के भाग साहित्य आणि ३० टक्के सेवा धरतात, सेवेवर १८ टक्के कायम आहे. म्हणजे एकूण कर पावणेचौदा टक्क्यांच्या जवळपास होता तो नऊच्या आत आला. जुन्या दराचं कोटेशन कुणी अजून दाखवत असेल तर हे त्याला विचारा.

अनुदान आधी मिळत नाही, हे सांगितल्यावर कितीतरी चेहरे पडतात. आधी पूर्ण काम करायचं, नेट मीटर बसायचा, तपासणी व्हायची, मग पैसे थेट बँक खात्यात. तोवर एक लाख चाळीस हजार आपलेच गुंतलेले. तीन किलोवॅटपर्यंतच्या कामाला राष्ट्रीयीकृत बँका तारणाशिवाय, रेपो दराशी जोडलेल्या व्याजानं कर्ज देतात. ज्यांचं बिल महिना तीन हजारांचं आहे त्यांचा हप्ता बिलाच्या आतच बसतो. खात्यावरचं नाव आणि लाइटबिलावरचं नाव मात्र एक हवं. बिल अजून आजोबांच्या नावावर असतं, आजोबा जाऊन पंधरा वर्षं झालेली असतात, आणि चौघा चुलत्यांच्या सह्यांसाठी काम अडकतं. किलोवॅट ठरवायला अर्धा तास लागतो; नाव बदलायला अख्खा हंगाम जाऊ शकतो.

काही घरांना मी नको म्हणतो. महिन्याला साठ-सत्तर युनिट जाळणाऱ्या घराची सगळी वीज सात रुपयांच्या टप्प्यातली असते, तिथे स्वतःचे चाळीस हजार घालण्यात अर्थ नसतो. शंभर युनिटांच्या आतल्या गरीब कुटुंबांसाठी राज्य सरकारनं वेगळी मदत जाहीर केली आहे. दारिद्र्यरेषेखालच्या घराला एका किलोवॅटसाठी केंद्राचे ३०,००० आणि वर राज्याचे १७,५०० मिळतात. मग गोष्ट वेगळी, मग जरूर बसवावं. भाडेकरूंनाही मी परत पाठवतो.

सगळ्यांत अवघड काम असतं ते लाइट जाण्याबद्दल सांगण्याचं. "सोलर बसवला की आता लाइट गेली तरी फिकीर नाही," असं म्हणत लोक येतात आणि मला त्यांचा उत्साह मोडावा लागतो. लाइनवरची वीज गेली की हा इन्व्हर्टरही बंद पडतो, भर दुपारी, डोक्यावर सूर्य असताना. तसा तो मुद्दामच बनवलेला असतो. खांबावर वायरमन चढलेला असताना आपल्या छपरावरची वीज लाइनवर जाऊ नये म्हणून. एका आजोबांना हे पटेना. "माझं ऊन, माझ्या प्लेटा, आणि मीच अंधारात?" त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. लाइट गेल्यावरही वीज हवी तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि दोन किलोवॅटच्या कामाचा खर्च तिथे जवळजवळ दुप्पट होतो. ज्यांच्या गावात लाइट रोज तासन् तास जाते त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : लाइट नसलेल्या दुपारी प्लेटा काहीच कमावत नाहीत. तिथे चौदाशेतून आणखी वजाबाकी करावी लागते.

पुढे वाढणाऱ्या वापराचा विषय ग्राहक स्वतःहून काढतात आणि बहुधा जास्तच काढतात. मुलाचं लग्न, वरचा एसी, इलेक्ट्रिक गाडी, इंडक्शन, सगळं एकदम येणार असतं. मी एकेक विचारतो. इलेक्ट्रिक स्कूटर एका चार्जिंगला तीन-चार युनिट घेते; रोज वीस-पंचवीस किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला महिन्याला पंचवीस-तीस युनिट फार झाले. म्हणजे अर्धीच प्लेट. दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालला तर सात-आठ युनिट खातो, पण वर्षातून दोन-अडीच महिने. त्यासाठी एक प्लेट वाढवायला माझी हरकत नाही. आधी एसी येऊ द्या, एवढंच म्हणणं असतं.

बसवल्यानंतरही बिल शून्य येत नाही. स्थिर आकार दरमहा राहतोच. प्लेटा पंधरवड्याला, सकाळी ऊन तापायच्या आत, साध्या पाण्यानं धुवाव्यात. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये आणि बोअरचं क्षाराचं पाणी वापरलंच तर लगेच पुसावं. पहिल्या वर्षी उत्पादन दोन-अडीच टक्के घटतं, पुढे वर्षाला अर्धा-पाऊण टक्का, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पंचवीस वर्षांची हमी प्लेटांची आहे, इन्व्हर्टरची नाही; दहा-बारा वर्षांनी एक नवा इन्व्हर्टर घ्यावा लागेल असं समजून ते पैसे हिशेबात आजच मांडा.

कोटेशन घेताना त्यात चार गोष्टी लेखी मागा : प्लेटांची नेमकी संख्या आणि वॅट, डीसीआर असल्याचा उल्लेख, तीन अर्थिंग, आणि बारा महिन्यांचं महिनावार अपेक्षित उत्पादन. शेवटची गोष्ट मागितली की निम्मे विक्रेते पुन्हा फोन करत नाहीत. आणि शेवटचा हप्ता नेट मीटर बसून पहिलं बिल हातात पडल्यावरच द्या. आम्ही कुरकुर करू. तरी त्याआधी देऊ नका.